ॲडमिट करायचं, की येऊन-जाऊन?

‘ताई, पोरीला तिथं ठेवू का?’

दौंडहून ओळखीच्या एका बाईंचा मध्यंतरी फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम हाच प्रश्न. मुलगी एकवीस वर्षांची. हुशार, कॉमर्सला चांगले मार्क. पण लहानपणापासून ‘तापट’ म्हणून नावाजलेली. आज जिला जिवाची मैत्रीण म्हणेल, तिने उद्या फोन उचलला नाही की ती वैरीण. मग रडणं, आदळआपट, आणि गेल्या दोन वर्षांत हातावर ब्लेडचे वार. एकदा तर जिवावरच बेतलं. पुण्यातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’. गोळ्या फार नाहीत म्हणाले. दर आठवड्याला बोलण्याच्या उपचारासाठी यायचं, निदान वर्षभर.

दर आठवड्याला पुणे! घरात कोणी बोलेचना. तेवढ्यात एका पाहुण्याने निवासी केंद्राचं रंगीत पत्रक आणून दिलं. सहा महिने ठेवा, राहणं-खाणं-उपचार सगळं आत, ‘पूर्ण बदललेली मुलगी घरी न्या’. मुलीचे वडील म्हणाले, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. आईचा मात्र जीव धजेना. ‘लोक काय म्हणतील ते सोडा ओ ताई. पण सहा महिन्यांनी ती माझ्याशी बोलंल का?’

प्रश्न एका घरातला असला तरी तो तिथेच संपत नाही, म्हणून आज त्यावर लिहिते आहे.

आपल्याकडे म्हण आहे, स्वभावाला औषध नाही. व्यक्तिमत्त्व विकाराच्या बाबतीत ती शब्दशः निम्मी खरी आहे. या विकारावर थेट लागू पडणारी गोळी नाही. इंग्लंडच्या सरकारी वैद्यकीय मार्गदर्शनात २००९ पासून स्पष्ट लिहिलं आहे की बॉर्डरलाइनच्या मूळ विकारासाठी औषधं वापरू नयेत. सोबत नैराश्य वगैरे दुसरा आजार असेल तर त्याला औषध द्यावं. पण म्हणीचा उरलेला अर्धा भाग, म्हणजे ‘त्यामुळे काही होणार नाही’, हा साफ चूक आहे. अमेरिकेत बोस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलच्या मेरी झानारिनी यांनी १९९२ पासून बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत त्यांतल्या ९३ टक्क्यांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली होती. आता हेही सांगायला हवं की नोकरी, नातीगोती असं सगळं आयुष्य नीट बसलं ते निम्म्यांचंच. पण ‘ही आता जन्मभर अशीच’ म्हणून कपाळावर हात मारणाऱ्या घरांनी पहिला आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

इथे एक गोष्ट बजावून ठेवते. उलट उत्तर देणारी सून म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार नव्हे. नवऱ्याचा मार खाऊन जी ओरडते, तिला मानसोपचाराच्या आधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार लागतो. विकार म्हणायचा तो कधी? तरुणपणापासून, घरी, कॉलेजात, कामावर, सगळीकडे तीच पद्धत दिसते आणि त्यात सर्वांत जास्त होरपळ त्या व्यक्तीचीच होते, तेव्हा. आणि ते ठरवायचं तज्ज्ञाने, दोन-चार वेळा भेटून. सासूने नाही, आणि पाहुण्यानेही नाही.

आता मूळ मुद्दा. ठेवून उपचार चांगले, की येऊन-जाऊन?

पूर्वी उत्तर सोपं होतं, ठेवा. लंडनजवळ रिचमंडला कॅसल हॉस्पिटल नावाची नावाजलेली संस्था आहे. तिथे अशा रुग्णांना वर्ष-वर्ष ठेवून उपचार होत. मार्को किएसा आणि पीटर फोनागी यांनी तिथल्याच रुग्णांचे गट करून पाहिलं. एक गट साधारण वर्षभर किंवा त्याहून थोडा जास्त आत राहिला आणि मग घरी गेला, पुढे काही नाही. दुसरा गट सहाच महिने राहिला, पण घरी गेल्यावर वर्ष-दीड वर्ष ठरलेल्या दिवशी गटात येऊन बसत राहिला, सुरुवातीला नर्स घरी येऊन भेटत राहिली. जास्त सुधारणा कुणाची? कमी दिवस राहिलेल्यांची! स्वतःला इजा करणं त्यांच्यात कमी झालं, पुन्हा दाखल व्हायची वेळ कमी आली, आणि सहा वर्षांनी पाहिलं तरी फरक टिकून होता.

असं का व्हावं? आपण बायकांना हे कळायला जड नाही. माहेरी गेलेली मुलगी आठ दिवस कशी शांत असते! भांडण नाही, टोमणा नाही, वेळेवर जेवण. म्हणून ती बदलली का? परत आल्यावर तोच ओटा, तीच जाऊ, तोच फोन न उचलणारा नवरा. निवासी केंद्रात रुग्ण शांत होतो हे खरं, पण ज्या प्रसंगात तोल जातो तो प्रसंगच तिथे नसतो. त्यात आणखी एक. स्वतःला इजा करणाऱ्या चार मुली एका खोलीत ठेवल्या तर एकीचं पाहून दुसरी करते, हे अशा वॉर्डांत काम केलेले लोक सांगतात. आणि कुणीतरी चोवीस तास सांभाळतंय याची सवय लागली की बाहेरचं जग आणखी भीतीचं वाटू लागतं.

मार्शा लिनेहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंची गोष्ट या बाबतीत मला फार मोलाची वाटते. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांना हार्टफर्ड शहरातल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या रुग्णालयात दाखल केलं. सव्वीस महिने त्या तिथे होत्या. स्वतःला इतकी इजा करत की त्यांना एकांतखोलीत ठेवावं लागे. पुढे शिकल्या, प्राध्यापक झाल्या, आणि बॉर्डरलाइनसाठी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ नावाची उपचारपद्धत उभी केली. तिचा पहिला मोठा अभ्यास १९९१ मध्ये छापून आला. ही पद्धत मुळात येऊन-जाऊन करण्याची आहे. आठवड्यातून एकदा थेरपिस्टशी एकटीने बोलायचं, एकदा गटात बसून राग, ताण, नाती कशी हाताळायची ते शाळेसारखं शिकायचं, घरी सराव करायचा. आणि घरी कसोटीची वेळ आली तर, हातात ब्लेड घेण्याच्या आधी, थेरपिस्टला फोन करायचा. वर्षभर. आपणही एके काळी त्या वॉर्डातली मुलगी होतो, हे लिनेहान यांनी जाहीर सांगितलं ते थेट २०११ मध्ये, त्याच रुग्णालयात उभं राहून. दोन वर्षांहून जास्त आत राहिलेल्या बाईने उपचार मांडला तो बाहेरचा, याला काही अर्थ आहे.

‘अहो, पण असली थेरपी शिकलेलं माणूस शिरूरला कुठून आणायचं?’ असं तुम्ही म्हणाल. कॅनडात टोरांटोला २००९ मध्ये १८० रुग्णांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना लिनेहान यांची पद्धत, अर्ध्यांना साधे पण नियमित मनोविकारतज्ज्ञाचे उपचार. म्हणजे ठरलेला वार, तोच डॉक्टर, विकाराची नीट माहिती, आणि नात्यांबद्दल बोलणं. वर्षाअखेर दोन्हीकडची सुधारणा जवळजवळ सारखी निघाली. माझ्या मते शिरूर-दौंडसाठी यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. भारी नाव नसलं तरी चालतं, खंड पडलेला चालत नाही.

निवासी उपचार वाईटच, असा मात्र याचा अर्थ काढू नका. जीव धोक्यात आहे अशा दिवसांत काही दिवस दाखल करावंच लागतं, तिथे वेळ घालवू नये. घरातच मारहाण किंवा अत्याचार चालू असेल तर त्या घरात राहून कसली थेरपी? व्यसन जोडीला असेल तरी गणित बदलतं. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या पाहणीत तर अतिशय बुजऱ्या, सतत घाबरलेल्या, दुसऱ्यावर लटकून राहणाऱ्या स्वभावाच्या रुग्णांना थोड्या महिन्यांच्या निवासी उपचाराचा चांगला फायदा दिसला होता. म्हणजे विकार कोणता, हेही पाहावं लागतं. पण सगळीकडे एक धागा आहे. आत किती दिवस यापेक्षा बाहेर आल्यावर काय, यावर सारं अवलंबून आहे. आपल्याकडे हे नवं नाही. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं ते व्यसनमुक्तीसाठी. पण तिथेही मुक्काम ठरावीक दिवसांचा आणि खरा भर घरी गेल्यानंतरच्या पाठपुराव्यावर. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे ‘सहचरी’ नावाचा गट आहे, कारण परत यायचं ते घरातच, हे त्यांनी ओळखलं.

मग एवढं असूनही लोक ‘ठेवून’ देण्याकडे का वळतात? माया नसते म्हणून? मला नाही वाटत. हिशेब मांडून बघा.

दौंड ते पुणे रेल्वेने ७५ किलोमीटर. जाऊन-येऊन १५०, वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे ७,८०० किलोमीटर. दौंडकरांना निदान गाडी तरी आहे. शिरूरला रेल्वेच नाही. नगर रोडने एसटी, साधारण ६५ ते ७० किलोमीटर, आणि शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोलीची कोंडी ज्यांनी भोगली आहे त्यांना मी वेळ सांगायला नको. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेवढाच दिलासा. पण तिकीट अर्धं झालं तरी दिवस अख्खाच जातो. मुलीबरोबर आई जाणार, म्हणजे दोघींचा रोज बुडाला. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या एमआयडीसीत कामाला असलेल्या बाईला दर गुरुवारी सुट्टी कोण देईल? आणि सून असेल तर ‘दर आठवड्याला हिचं पुण्यात काय असतं?’ हा प्रश्न आहेच.

पैशाचंही उलटंच आहे. विमा नियामकाने २०१८ मध्ये कंपन्यांना सांगितलं की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्या. चांगलं झालं. पण बहुतेक पॉलिसी पैसे देतात ते दाखल झाल्यावर. आठवड्याला तासभर बोलून घरी येणाऱ्या मुलीचं बिल कोण भरणार? म्हणजे ज्याचा उपयोग जास्त, त्याचा खर्च आपल्या पदरचा!

आणि कायदा? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या अठराव्या कलमात लिहिलंय की कोणाही रुग्णाला सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ मिळावी. वाचून बरं वाटतं. त्याच कलमात पुढे, किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणचा खर्च सरकार करील, असंही आहे. गंमत अशी की कागदावर मोजमाप जिल्ह्याचं. शिरूर आणि दौंड पुणे जिल्ह्यातच येतात, आणि पुण्यात तर सगळंच आहे! येरवड्याचं २,५४० खाटांचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, ससून आहे. नगर रोडवरच्या माणसाला येरवडा फक्त धमकीत माहीत, ‘येरवड्याला पाठवीन हं!’ तिथे दाखल न होता तपासून घरी जाता येतं, बाह्यरुग्ण विभाग आहे, हे शिरूरच्या एसटीतून रोज त्या बाजूने जाणाऱ्या कितीजणींना ठाऊक आहे?

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून डॉक्टर कोणत्या वारी येतात, ते विचारून घ्यावं. पण तिथे रांग मोठी, एकेकाला मिनिटं थोडी. गोळ्या लिहून देता येतात, तासभर बोलणं कसं व्हायचं? यावर उपाय नाही असं नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं गेलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ते छापून आलं. नैराश्य आणि व्यक्तिमत्त्व विकार एक नव्हेत, हा दुसरा जास्त चिवट आहे. पण बोलण्याचा उपचार गावात पोचू शकतो एवढं तर दिसलं. शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस, एक शिकलेली समुपदेशक, एक बंद दाराची खोली. मागणी एवढीच आहे. रस्त्यासाठी आपण मोर्चे काढतो, या खोलीसाठी कुणी निवेदन दिल्याचं ऐकलंय?

आता बायकांच्या बाबतीतली सर्वांत नाजूक बाजू. मुलगा सहा महिने केंद्रात राहून आला तर ‘ट्रीटमेंट घेऊन आला’. मुलगी राहून आली तर तो शिक्का. लग्न झालेली असेल तर परत यायला दार उघडं असेल की नाही, हाही प्रश्न. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयापुढे हेच आलं होतं, की बरी झालेली माणसंही घरचे न्यायला येत नाहीत म्हणून राज्यातल्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं पडून आहेत. म्हणून दाखल करण्याआधी काही कायदे प्रत्येकीला माहीत हवेत. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. आजार इतका हवा की सोबत राहणं शक्यच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात सांगून ठेवलं आहे. २०१७ च्या कायद्यातही आहे की पूर्वी कुठे दाखल होता एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. ‘तिला येरवड्याला ठेवलं होतं’ म्हणून वकिलाची नोटीस आली तर घाबरून सही करू नका.

दाखल करण्याचेही नियम आहेत. सज्ञान मुलगी स्वतःच्या मर्जीने दाखल होऊ शकते आणि मर्जीने बाहेरही पडू शकते. तिच्या मर्जीविना ठेवायचं तर दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. मुदत सुरुवातीला तीस दिवसांपर्यंत. आणि बाई असेल तर तीन दिवसांच्या आत पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं. ‘सहा महिन्यांचे पैसे आधी भरा, मधे भेटायचं नाही’ असं जिथे सांगतात, तिथून चहा न घेता उठावं. तीन वर्षांखालचं मूल असेल तर ते सहसा आईपासून तोडता येत नाही, हेही कायद्यात आहे. ‘मूल घरी ठेवून जा’ म्हणणाऱ्या सासरच्यांना हे ऐकवा.

दौंडच्या बाईंना मी हे सगळं एका फोनवर सांगितलं नाही, तीन-चार फोन झाले. शेवटी त्यांना म्हटलं, त्या केंद्राला एवढंच विचारा: तुमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून कितीदा येतो, नोंदणी दाखवता का, घरच्यांना काय शिकवता, आणि पोरगी घरी आली की पुढचं वर्षभर तिच्याशी कोण बोलणार? पहिल्या दोन प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं. चौथ्याला उत्तरच नव्हतं.

त्यांनी पुण्याच्या डॉक्टरांना गाठून अडचण सांगितली. त्यांनी दोन आठवड्यांतून एकदा प्रत्यक्ष आणि मधल्या आठवड्यात फोनवर, असं बसवून दिलं. अडीनडीला, रात्री-अपरात्री, सरकारच्या ‘टेलीमानस’चा १४४१६ हा नंबर घरात फ्रिजवर लावलाय. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, मराठीत बोलतात. वर्षभराच्या थेरपीची जागा ती घेत नाही, पण रात्री दोन वाजता कुणीतरी फोन उचलतं.

वडील अजून म्हणतात, ठेवलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचंही चुकतं असं नाही. पहिल्या तीन महिन्यांत एकदा पुन्हा ब्लेड निघालं होतं. तेव्हा चार दिवस दवाखान्यात ठेवलं, पाचव्या दिवशी घरी, आणि ठरल्या गुरुवारी पुन्हा पुण्याची गाडी.

परवा बाईंचा फोन आला. म्हणाल्या, ‘ताई, येताना गाडीत ती खिडकीशी बसली होती. केडगाव येईस्तोवर गप्प. मग म्हणली, आई, मी ओरडते तेव्हा तू लगेच उठून जाऊ नको ना, तिथंच बस. डॉक्टरांनी सांगितलंय तुला सांगायला.’

मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

‘काय म्हणणार? बसते म्हणलं.’